थेंब पळाला पाहिजे

मेण काढणं हे काम आहे असं आमच्या कंपनीत कोणालाच वाटत नाही. प्लेटिंग हे काम आहे, ग्राइंडिंग हे काम आहे, सकाळी सकाळी ग्रुपवर फुलांचं चित्र टाकून 'गुड मॉर्निंग टीम' म्हणणं हेसुद्धा काम आहे. मेण मात्र आपोआप निघतं अशी सगळ्यांची समजूत आहे. गेली बारा वर्षं ते सुमन काढते, म्हणून ते आपोआप निघतं.

आमच्याकडे ट्रकच्या केबिनखाली बसणारी एक हातभर लांब पोलादी पिन येते. तिच्या मधल्या भागावर क्रोमचा थर चढवायचा आणि दोन्ही टोकं कोरी ठेवायची, कारण त्या टोकांवर नाशिकचं गिऱ्हाईक रबर चिकटवतं. टोकांवर क्रोम चढू नये म्हणून ती आधी वितळलेल्या मेणात बुडवतात. पिन प्लेटिंगला जाऊन चकचकीत होऊन परत आली की ते मेण काढायचं. कढत पाण्याच्या टाकीत मेण वितळून वर तरंगतं, ते झाऱ्याने गोळा करायचं, इथवर कोणीही करेल. पण पिनेवर मेणाचा एक न दिसणारा पापुद्रा राहून जातो. तो दुसऱ्या टाकीतल्या साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासून काढावा लागतो. तो राहिला तर रबर चिकटतं, पण महिन्याभरात सुटून येतं.

न दिसणारी गोष्ट गेली की नाही हे कळायचं कसं? अगदी सोपं आहे. पिन स्वच्छ पाण्यात बुडवून वर उचलायची. टोकावर पाणी सगळीकडे सारखं पसरून राहिलं तर पिन साफ. पाणी फाटलं, त्याचे थेंब होऊन ओघळून गेले, तर मेण बाकी आहे. सुमनला ही परीक्षा आमच्या जुन्या केमिस्टने शिकवली होती. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटर बसतो.

सुमन दुधनीची. धरणाकाठच्या त्या गावातून शेअरच्या गाडीत दाटीवाटीने बसून ती पाळीच्या आधी दहा मिनिटं हजर असते, आणि मी इथल्याच, सिल्वासातल्या डोकमर्डीहून, म्हणजे हाकेच्या अंतरावरून, पाच मिनिटं उशिरा पोचतो. पिन पाण्यातून वर काढली की ती डोळे बारीक करून पाण्याकडे बघत राहते आणि ओठातल्या ओठात वीस अंक मोजते. वीसपर्यंत पाणी फाटलं नाही तरच पिन पुढे. "माज्या हातची पिन नाशिकवरून मागं नाय आली," हे वाक्य तिने मला बारा वर्षांत निदान बाराशे वेळा ऐकवलं असेल. ते खरं असल्यामुळे मला काही बोलता यायचं नाही.

मी अविनाश, चेकिंगचा सुपरवायझर. सुमनच्या पिना मी बघतो आणि कागदावर सही करतो. खरं सांगायचं तर बघत नाही, नुसतीच सही करतो. तिने पाहिल्यानंतर मी पाहण्यात काही अर्थ नसतो.

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे पराग सर आले. पुण्याचे, वय चौतीस, हुद्दा 'प्लांट हेड', आणि शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं. शेठ वापीला बसतात, त्यांना आलेख आवडतात आणि पराग सरांना आलेख काढता येतात. असं ते जमलं. याआधी सर नॉनस्टिक तवे आणि कढया बनवणाऱ्या कंपनीत होते. माणूस वाईट नव्हता. फक्त जगातली प्रत्येक धातूची वस्तू हा एक तवा आहे, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती.

पहिल्याच आठवड्यात ते मेणाच्या टाकीपाशी आले. सुमनने पिन उचलून दाखवली. टोकावर पाण्याचा छान पातळ थर पसरलेला. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे ओलं का आहे?"

"साफ हाय म्हनून," सुमन म्हणाली.

"साफ असेल तर पाणी चिकटेल कसं? घाणीलाच सगळं चिकटतं." सरांनी शेजारच्या ढिगातली पहिल्या टाकीतून नुकतीच निघालेली, मेणकट पिन उचलली आणि तिच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. थेंब टपोरे मोत्यासारखे घरंगळत खाली पडले. सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. "ही बघा क्वालिटी! अशी पाहिजे!"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरच्या दिशेने पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे सांगायचं होतं. सांगितलं हो! सोमवारच्या मीटिंगमध्ये मी चक्क उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, हे उलटं होतंय. पाणी पळतं म्हणजे मेण राहिलंय." सर शांतपणे हसले आणि त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं. त्यात तीन माणसं होती. एक बदल घडवणारा, एक बदल स्वीकारणारा आणि एक बदलाला विरोध करणारा. तिसऱ्याच्या डोक्यावर टक्कल होतं. मलाही आहे. सगळे हसले. "अविनाशजी, तुमच्याकडे डेटा आहे का?" सरांनी विचारलं. बारा वर्षांत एकही पिन परत आली नाही हा डेटा आहे असं मला म्हणायचं होतं. पण 'जुने आकडे चालणार नाहीत' हे चित्राखालीच लिहिलेलं होतं. माझं वय एक्कावन्न, शिक्षण डिप्लोमा. पिपरियाच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्याही गेटवर उभा राहिलो तर वॉचमन म्हणून घेतील. मी खाली बसलो.

पंधरा दिवसांत मेणाच्या टाकीमागच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: 'थेंब पळाला, माल निघाला.' खाली पळणाऱ्या थेंबाचं चित्र, थेंबाला बूट. सोबत नियम आला. ज्या पिनेवर पाणी टिकेल ती नापास, तिच्या पेटीला लाल स्टिकर. एका माणसाच्या नावावर तीन लाल स्टिकर लागले की कल्पेशभाईने तो माणूस बदलून द्यायचा. कल्पेशभाई म्हणजे आमचा ठेकेदार. सुमन बारा वर्षं त्याच्याच हजेरीवर आहे, कंपनीच्या नाही.

पहिला लाल स्टिकर लागला तेव्हा सुमनने पेटीच माझ्या टेबलावर आणून आपटली.

"सायेब, तुमी सांगा. पानी बसलेलं चांगलं का पळालेलं?"

"बसलेलं," मी हळू आवाजात म्हणालो.

"मंग ही सही कोनाची?"

"माझी."

"का केली?"

"वरून नियम आलाय, सुमन. थोडे दिवस सांभाळून घे. सरांच्या लक्षात येईल."

ती पेटी उचलून गेली. सरांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दुसरा स्टिकर लागला, कारण सुमनने पिना पुन्हा साफच केल्या होत्या. बाई हट्टी. कल्पेशभाई मला चहाच्या टपरीवर भेटला आणि म्हणाला, "अविनाशभाई, समजाव ने एने. हजी एक स्टिकर लागशे तो मारे एने काढवी पडशे, काढावीच लागेल. मला पण चांगलं वाटणार का? पण शुं करूं?" आमच्या सिल्वासात माणूस तीन भाषांत हळहळतो आणि एकाही भाषेत काही करत नाही. मी पण त्याच्याबरोबर हळहळलो आणि चहा संपवला.

घरी अनुराधाला सांगितलं. माझी बायको सरकारी शाळेत गणित शिकवते आणि घरातही पेपर तपासल्यासारखं बोलते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मुलीने उत्तर बरोबर लिहिलं आणि तू फुली मारलीस?" मी म्हणालो, उत्तरपत्रिकाच तशी छापून आली आहे. "मग तुला तिथे ठेवलंय कशाला? फुली मारायला तर शिक्का पण चालला असता." त्या दिवशी मला जेवण नकोसं झालं. तरी जेवलो, कारण न जेवण्याचं कारण पुन्हा सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मेणाच्या टाकीवर गेलो आणि जे करायला नको होतं ते केलं. सुमनला समजावलं. "दुसऱ्या टाकीत घासू नकोस. पहिल्या टाकीतून काढ आणि तशीच दे. तुझी नोकरी राहील."

"मेन राहील ना तिच्यावर."

"राहू दे."

"रबर सुटंल."

"सुटल्यावर बघू."

तिने हातातला ब्रश खाली ठेवला. तिच्या घरी दोन मुली शिकतात. मोठी खानवेलला होस्टेलवर आहे. नवऱ्याची मासेमारी धरणाच्या पाण्यावर, पाणी उतरलं की तीही उतरते. हे मला सगळं माहीत होतं, म्हणून तर मी बोललो. "बरं," ती म्हणाली. दुसऱ्या टाकीखालचा गॅस तिने स्वतःच्या हाताने बंद केला.

आणि मग काय विचारता! आमच्या कंपनीला सोन्याचे दिवस आले. एक टाकी बंद, म्हणून गॅस वाचला. घासणं बंद, म्हणून साबण वाचला. वीस अंक मोजणं बंद, म्हणून पिना दुप्पट वेगाने निघू लागल्या. थेंब असे पळत होते की बघत राहावं. पराग सरांचे आलेख वर वर जात कागदाबाहेर गेले, मग सरांनी मोठा कागद घेतला. शेठ स्वतः वापीहून आले, त्यांनी एका पिनेवर पाणी टाकलं, थेंब पळाला आणि शेठ लहान मुलासारखे हसले. त्यांनी अजून तीनदा टाकलं.

ऑगस्टमध्ये सुमनला 'वॅक्स चॅम्पियन ऑफ द मंथ' जाहीर झालं. तिचा फोटो काढून गेटजवळच्या फळ्यावर लावला. फोटोत ती हसत नाही. फोटोवाला 'बाई, स्माइल' म्हणून दमला. बक्षीस म्हणून पराग सरांनी त्यांच्या जुन्या कंपनीतला नॉनस्टिक तवा दिला. आठवड्याने मी सहज विचारलं, तवा कसा आहे? "नागलीची भाकर टाकली तर सरकते," ती म्हणाली. "टिकतच नाय. शेजारनीला दिला." एवढं बोलून ती वळली. पूर्वी ती मला दिवसातून दहा गोष्टी सांगायची. आता नाशिकवरून पिन मागं न आल्याचं वाक्यही बंद झालं होतं. मी माझ्या मनाची समजूत घातली की नोकरी वाचली हे महत्त्वाचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकहून रसिका मॅडम आल्या. गिऱ्हाइकाच्या क्वालिटीच्या प्रमुख. सोबत एक ट्रंक, आणि ट्रंकेत चाळीस पिना. सगळ्यांचं रबर सुटलेलं. काहींचं रबर वेगळ्या पिशवीत होतं. त्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये बसायला नकार दिला, चहा नाकारला, पराग सरांनी लावलेला पहिला आलेख बघून "छान" म्हणाल्या आणि सरळ मेणाच्या टाकीवर गेल्या. मी, पराग सर आणि कल्पेशभाई त्यांच्या मागे.

तिथे पाठवायला तयार असलेल्या पेटीतली एक पिन त्यांनी बादलीत बुडवून वर काढली. थेंब पळाले. दुसरी काढली. थेंब पळाले. पराग सरांना राहवलं नाही. "पाहिलंत मॅडम? एकही थेंब टिकत नाही!"

रसिका मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता त्या पिन तिथेच टाकून जातील. त्यांनी भिंतीवरचं बूट घातलेल्या थेंबाचं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्या सुमनकडे वळल्या. "हे काम तुम्ही करता?"

"हो."

"मला एक पिन साफ करून दाखवाल?"

सुमनने पिन उचलली. पहिल्या टाकीपाशी ती थांबली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "नाशिकसाठी साफ करू, का हितल्यासाठी?"

"नाशिकसाठी," रसिका मॅडम म्हणाल्या.

सुमनने दुसऱ्या टाकीखालचा गॅस पेटवला. पाणी तापेपर्यंत सगळे उभे. पराग सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग तिने पिन घासली. टोकं घासली, टोकांवरच्या खाचेत ब्रशचं टोक घालून घासलं, धुतली, बुडवली, उचलली. पाणी टोकावर पसरलं आणि तसंच राहिलं. ती ओठ हलवत वीसपर्यंत मोजत होती. मीही मोजत होतो. वीस झाले तरी पाणी फाटलं नाही.

"म्हणजे यांना येतं," रसिका मॅडम म्हणाल्या. "मग आमच्याकडे दोन महिने हे काय येतंय?"

पराग सर सावरले. अशा वेळी सावरायचं प्रशिक्षण त्यांनी कुठेतरी घेतलेलं असणार. "ऑपरेटरची चूक आहे, मॅडम. येत असून केलं नाही, म्हणजे शिस्तीचा प्रश्न आहे. आजच कारवाई करतो. कल्पेशभाई, यांचा पास जमा करून घ्या."

कल्पेशभाईने हात पुढे केला. बिचाऱ्याचा हात सवयीने पुढे येतो. सुमनने गळ्यातला पास काढला. ती रडली नाही, भांडली नाही, माझ्याकडे तर तिने बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं मला फार लागलं. मला अनुराधाचा शिक्का आठवला आणि तोंड आपोआप उघडलं.

"मॅडम, चूक तिची नाही. तिने साफ केलेल्या दोन पेट्या मी नापास केल्या. साफ होत्या म्हणून नापास केल्या. तिसऱ्यांदा तिला काढलं असतं, म्हणून मीच तिला सांगितलं, मेण राहू दे. ही दुसरी टाकी माझ्या सांगण्यावरून बंद होती."

"तुम्हाला माहीत नव्हतं पाण्याची परीक्षा कशी असते?"

"माहीत होतं."

"मग?"

मी पराग सरांचं नाव घेऊ शकलो असतो. नियम त्यांचाच होता, भिंतीवर बुटासकट उभा होता. पण माझ्या सह्या माझ्या होत्या. "घाबरलो," मी म्हणालो. एक्कावन्न वर्षांच्या माणसाने चार लोकांत हा शब्द उच्चारणं फार अवघड असतं. उच्चारल्यावर मात्र हलकं वाटलं.

पुढचं सगळं आमच्या कंपनीच्या पद्धतीने पार पडलं. रसिका मॅडमनी सांगितलं की यापुढे नाशिकला येणाऱ्या प्रत्येक पेटीवर सुमनची सही हवी, दुसऱ्या कोणाची चालणार नाही. त्यामुळे पास परत गळ्यात आला. भिंत पांढरी झाली. आठ दिवसांत नवी नियमावली निघाली, 'पाणी टिकलं पाहिजे', लेखक पराग सर. ती त्यांनी शेठना 'माझ्या निरीक्षणातून लागलेला शोध' म्हणून सादर केली आणि शेठ पुन्हा तसेच हसले. त्यांना पाण्यानं काहीही केलं तरी आवडतं. माझी सही काढून घेतली आणि मला पेट्यांची ने-आण दिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट छाती थोडी फुगलीच होती. एका बाईची नोकरी मी वाचवली होती, तीही स्वतःची खुर्ची घालवून. असं माझ्या हातून याआधी कधी घडलं नव्हतं.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी मेणाच्या टाकीवर गेलो. सुमन डबा उघडून बसली होती. तिने मला नागलीची अर्धी भाकर आणि सुकी मच्छी दिली. मी खात वाट बघत होतो. काय ऐकायला आलो होतो ते तिला कळलं असावं.

"बोलला ते बरं केला, सायेब," ती म्हणाली. "नोकरी राहिली. पोरी शिकतील."

"अगं, त्यात काय," मी म्हणालो.

"पन एक सांगू?"

"सांग ना."

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कढत पाण्याने आणि साबणाने कातडी पांढुरकी पडलेली, नखांच्या कडा झिजलेल्या.

"बारा वर्सं ह्या हातातून एक पन खराब पिन नाय गेली. मंग दोन महिने रोज गेली. मला म्हाईत असून गेली. त्या ट्रकांखाली आता कुठं कुठं हायेत, कोन जानं. मला काडला असता ना सायेब, तर मी दुसरीकडं हेच हात घेऊन गेली असती." तिने हात मागे घेतले आणि डब्याचं झाकण लावलं. "तुमी नोकरी वाचवली. हात नाय वाचवले."

भाकरीचा तुकडा तोंडात तसाच राहिला. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा ती उठली, तिने पहिली पिन घासायला घेतली, आणि मी भरलेली पेटी उचलून बाहेर नेली.